पेतांक आणि पोर-मियू : दोन मंडळांची गोष्ट

फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, मार्सेय बंदराच्या पूर्वेस ला सिओता नावाचे एक गाव आहे. एकेकाळी जहाजबांधणीसाठी प्रसिद्ध असलेल्या या गावाने खेळांच्या इतिहासातही आपले नाव कोरून ठेवले आहे. पेतांक हा खेळ येथेच जन्मास आला.

त्यापूर्वी प्रोव्हांस प्रांतात गोळाफेकीचा एक जुना खेळ रूढ होता. जमिनीवर लाकडाची लहानशी गोळी टाकायची आणि आपला गोळा तिच्या जास्तीत जास्त जवळ न्यायचा, एवढेच त्याचे मर्म. आपल्याकडील गोट्यांची येथे कोणासही आठवण व्हावी. मात्र त्या खेळात पंधरा-वीस मीटरांवर गोळा फेकावा लागे आणि प्रतिपक्षाचा गोळा उडविण्यासाठी तीन पावले धावत जावे लागे. ज्यूल युग ऊर्फ ल न्वार हा त्यातला नामांकित खेळाडू. पण संधिवाताने त्याचे पाय जखडले व तो प्रेक्षकांत खुर्चीवर बसू लागला. क्रीडांगण चालविणाऱ्या पितियो यांनी त्याच्यासाठी अंतर कमी केले आणि एका लहान वर्तुळात दोन्ही पाय रोवून गोळा फेकण्याची मुभा दिली, अशी तेथील परंपरागत हकीकत आहे. ही गोष्ट 1907 च्या सुमाराची. ‘रोवलेले पाय’ या अर्थाच्या प्रोव्हांसाल शब्दांवरूनच खेळाचे नाव पडले. 1910 साली त्याचे पहिले सामने भरले. 1945 मध्ये राष्ट्रीय आणि 1958 मध्ये मार्सेय येथे आंतरराष्ट्रीय महासंघ स्थापन झाला. एका आजारी सोबत्यास खेळाबाहेर पडू द्यायचे नाही, म्हणून मंडळाने खेळच बदलला. आज सहा ते दहा मीटरांच्या त्या अंतरावर आजोबा आणि नातू एकाच संघातून खेळू शकतात.

त्याच 1910 साली, त्याच किनाऱ्यावर दुसरी एक घटना घडली. मार्सेय व ला सिओता यांच्या दरम्यान चुनखडीच्या उंच कड्यांत समुद्राचे अरुंद फाटे शिरले आहेत. त्यांना कालांक म्हणतात. कासी गावाजवळील पोर-मियू या कालांकचे कडे फोडून दगड नेणारी खाण तेथे सुरू होत होती. मार्सेयमध्ये 1897 साली स्थापन झालेले पदभ्रमण करणाऱ्यांचे एक मंडळ होते. रविवारी डोंगरांत हिंडावे, वाटा शोधाव्यात, त्यांवर खुणा रंगवाव्यात, हा त्याचा उद्योग. या हौशी मंडळींच्या पुढाकाराने 13 मार्च 1910 रोजी दोन-तीन हजार माणसे पोर-मियूस निषेधासाठी जमली. निसर्गरक्षणासाठी फ्रान्समध्ये झालेल्या अगदी आरंभीच्या लोकनिदर्शनांत तिची गणना होते.

श्रोतेहो, या दोन्ही घटनांस एक समान पार्श्वभूमी आहे. 1810 च्या दंडसंहितेप्रमाणे वीसांहून अधिक माणसांच्या मंडळास सरकारी परवानगी लागत असे. 1 जुलै 1901 च्या कायद्याने हा निर्बंध उठविला आणि कोणाही नागरिकांस, नफ्याचा हेतू नसल्यास, मुक्तपणे मंडळ स्थापन करता येऊ लागले. गोळाफेकीची मंडळे व निसर्गरक्षक मंडळे आजही याच कायद्याच्या आश्रयाने चालतात. त्यांतील बहुतेक काम विनावेतन असते : कोणी मैदानाची खडी सारखी करतो, कोणी किनाऱ्यावरचा कचरा वेचतो.

पोर-मियूची खाण मात्र त्या निदर्शनाने थांबली नाही. ती पुढे अनेक दशके चालली आणि तिने कड्यावर केलेले घाव अद्यापि दिसतात. कालांकना कायद्याचे संरक्षण मिळाले ते 1975 साली, आणि राष्ट्रीय उद्यानाचा दर्जा 2012 साली. म्हणजे 1910 साली जमलेल्यांपैकी फारच थोड्यांना हे फळ पाहावयास मिळाले असेल. ला सिओताच्या मंडळाला आपल्या निर्णयाचे फळ त्याच संध्याकाळी दिसले : ल न्वार पुन्हा खेळू लागला. निसर्गाची सेवा पत्करणाऱ्या मंडळास इतकी घाई करून चालत नाही. आपल्यानंतर येणारे सभासद काम पुढे नेतील, या भरवशावरच त्याला आपला रविवार खर्ची घालावा लागतो.