चेंडूला विटाळ नसतो

खेळात जात नसते असं आपल्याला शाळेपासून पढवलं जातं. मे महिन्यात आचऱ्याला गेलो होतो, तेव्हा कबड्डीचे सामने लागले होते. आमच्या वाडीतला एक पोरगा भलत्याच संघातून खेळला. चढाईवर चढाई मारून त्यानं सामना काढून दिला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतला. रात्री संघाला एकाच्या घरी जेवण. सगळ्यांची पानं आत, ह्याचं एकट्याचं बाहेर खळ्यात. दुसऱ्या दिवशी मी विषय काढला तर त्यांच्यातला एक शिकलेला मला म्हणाला, "अरे, खेळात जात खंय असता? तो खेळलो मा आमच्यावांगडा?"

खेळला ना! ह्या 'खेळला ना'च्या मागं मी लागलो आणि लागता लागता थेट अमेरिकेत पोचलो.

अमेरिकेत बास्केटबॉलची धंदेवाईक लीग आहे, एनबीए. आज तिच्यात बहुसंख्य खेळाडू काळे आहेत, त्यामुळे आपल्याला वाटतं हे आधीपासूनच असं असणार. तसं नाही. १९४९ मध्ये दोन जुन्या लीग एकत्र करून एनबीए हे नाव पडलं, तेव्हा तिच्यात एकही काळा खेळाडू नव्हता. लेखी नियम कुठं नव्हता. आपल्याकडं तरी विहिरीवर पाटी कुठं असायची? सगळ्यांना ठाऊक असायचं, तेवढं पुरे.

मग आला १९५०-५१ चा मोसम. ३१ ऑक्टोबर १९५० ला रॉचेस्टर गावात अर्ल लॉईड नावाचा बावीस वर्षांचा काळा पोरगा वॉशिंग्टन कॅपिटॉल्सकडून मैदानात उतरला. सहा गुण केले, टोपलीवरून उसळून आलेले दहा चेंडू पकडले. त्याचा संघ ७८-७० असा हरला. दुसऱ्याच दिवशी बोस्टन सेल्टिक्सकडून चक कूपर उतरला, पाठोपाठ न्यूयॉर्ककडून नॅट क्लिफ्टन. आठवडाभरात तिघं. ह्याच वर्षी २६ जानेवारीला आपली राज्यघटना अमलात आली होती आणि तिच्या सतराव्या कलमानं अस्पृश्यता मोडीत काढली होती, ही तारीख बाजूला लिहून ठेवा.

आता दार का उघडलं ते बघा. गोऱ्या मालकांच्या काळजाला पाझर फुटला म्हणून उघडलं असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका. हार्लेम ग्लोबट्रॉटर्स नावाचा काळ्या खेळाडूंचा फिरता संघ होता. त्याचा मालक गोरा. हा संघ गावोगाव खेळायचा, तमाशासारखी गर्दी खेचायचा. एनबीएच्या सामन्याला जोडून त्यांचा सामना लावला की तिकिटं खपायची. म्हणून लीगचे मालक त्यांच्या खेळाडूंना हात लावायला कचरत होते, धंदा बुडेल म्हणून. पण फेब्रुवारी १९४८ मध्ये शिकागोत ह्याच संघानं मिनियापोलिस लेकर्सला ६१-५९ असं हरवलं, आणि लेकर्स म्हणजे तेव्हाचा तगडा गोरा संघ. मग न्यूयॉर्कवाल्यांना जिंकायची घाई झाली. त्यांनी क्लिफ्टनचा करार ग्लोबट्रॉटर्सकडून विकत घेतला. बोस्टननं त्याआधीच एप्रिलमध्ये कूपरला निवडलं होतं. गिरणीत नवा साचा येतो तेव्हा मालक कामगाराची जात विचारत नाही, हात चालतात का बघतो. पाणी प्यायला गेलं की मग जात निघते.

बास्केटबॉल हा हातानं खेळायचा खेळ. चेंडू ह्या हातातून त्या हातात जातो, घाम घामाला लागतो. मैदानावर शिवाशिव पाळायची म्हटली तर सामनाच होणार नाही. चेंडूला विटाळ नसतो तो असा. पण शिटी वाजली की संपलं. लॉईडनं पुढं सांगितलेली आठवण आहे. फोर्ट वेन गावच्या हॉटेलात त्याला जेवणघरात वाढायला नकार दिला. तो खोलीत एकटा बसला. तेव्हा संघाचा गोरा प्रशिक्षक मॅकिनी त्याच्या खोलीत गेला आणि त्याच्याबरोबर जेवला. मॅकिनी माणूस चांगला. पण ताट शेवटी खोलीतच आलं, लॉईड जेवणघरात गेला नाही. १९५२ मध्ये रॅलेत कूपरला हॉटेलात खोली मिळाली नाही, तो रातोरात रेल्वेनं निघाला, आणि बॉब कूझी हा गोरा सोबती त्याच्याबरोबर निघाला.

हे वाचताना मला आपला पालवणकर बाळू दिसत होता. काळ्यांच्या आधी पन्नास वर्षं, पुण्यात. चांभाराचा पोर. आधी पारश्यांच्या क्लबात महिना तीन रुपयांवर खेळपट्टी झाडायची नि रोलर फिरवायचा, मग गोऱ्यांच्या पूना क्लबात चार रुपयांवर. साहेबांना सरावासाठी तासन्‌तास चेंडू टाकले, बॅट मात्र त्याच्या हातात कधी दिली नाही. पुण्यातल्या हिंदूंना साहेबांचा संघ हरवायचा होता, म्हणून त्यांनी बाळूला घेतलं. इथंही कारण तेच. मैदानात त्याच्या हातचा चेंडू सगळे झेलत. चहाच्या वेळी मात्र तो तंबूबाहेर, मातीच्या भांड्यात. १९११ च्या इंग्लंड दौऱ्यात ह्याच माणसानं शंभरावर बळी घेतले.

ताटानंतर प्रश्न येतो कप्तानीचा, आणि माझ्या मते तो मोठा आहे. चेंडू टाकणारा हात चालतो, हुकूम देणारं तोंड चालत नाही. मुंबईच्या चौरंगी सामन्यांत हिंदूंचा कप्तान बाळू कधी झाला नाही. १९२० मध्ये त्याला वगळल्यावर विठ्ठल आणि शिवराम हे त्याचे भाऊ संघातून बाहेर पडले. अपमान गिळून खेळले नाहीत, चक्क बाहेर पडले, तेसुद्धा महाडच्या सात वर्षं आधी! मग बोभाटा झाला, बाळूला परत घ्यावं लागलं, उपकप्तान करावं लागलं. शेवटी १९२३ मध्ये विठ्ठल कप्तान झाला आणि हिंदू संघानं युरोपियनांना हरवून चषक नेला. विठ्ठलनं स्वतःच लिहून ठेवलंय, 'माझे क्रीडा-जीवन', १९४८ मध्ये छापलं. आपल्या वाचनालयात हे पुस्तक हवं. तिकडं अमेरिकेत १९५० मध्ये खेळायला घेतलं, पण संघाचा मुख्य प्रशिक्षक काळा व्हायला १९६६ उजाडलं. बोस्टनचा बिल रसेल.

आता अवघड जागी येतो. हाच बाळू पुढं १९३२ मध्ये संयुक्त मतदारसंघाच्या बाजूनं उभा राहिला आणि १९३७ च्या निवडणुकीत काँग्रेसकडून बाबासाहेबांच्या विरोधात. बाबासाहेबांना १३,२४५ मतं, बाळूला ११,२२५. आपल्यातले काही जण म्हणतात, त्याचं नावही काढू नका. मला हे पटत नाही. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्याच्या संघात जागा मिळवण्यासाठी चेंडू टाकला, त्याला वाटणारच की संघ तोच आहे, आपली जागा थोडी पुढं सरकायला हवी. बाबासाहेबांनी संघच वेगळा मागितला. बाळू चुकला, हे मी लिहितो. पण तंबूबाहेरचं मातीचं भांडं ज्यांनी त्याच्या हातात दिलं, त्यांना सोडून आधी बाळूला धरायचं, हे मात्र मला जमणार नाही.

जाता जाता. २०१५ मध्ये भारतातही बास्केटबॉलची धंदेवाईक लीग निघाली, यूबीए. दोन-तीन वर्षं चालली. तिच्यात पुण्याच्या संघाचं नाव काय ठेवलं असेल? पुणे पेशवाज! म्हणजे चेंडू हातात घेणाऱ्यानं आधी छातीवर पेशवे मिरवायचे.

लॉईडचं पुढं काय झालं? सात सामने झाल्यावर त्याला सैन्यात बोलावणं आलं. जानेवारी १९५१ मध्ये त्याचा संघ पैशाअभावी बंद पडला. तो मोसम रॉचेस्टरनं जिंकला. अंतिम फेरीत क्लिफ्टनच्या न्यूयॉर्कनं तीन सामने हरून पुढचे तीन काढले, सातवा चार गुणांनी गेला. लॉईड सैन्यातून परतला तो सिरॅक्यूजच्या संघात. १० एप्रिल १९५५ ला सिरॅक्यूजनं अंतिम सामना ९२-९१ असा एका गुणानं जिंकला. समोरचा संघ होता फोर्ट वेन, जिथं त्याला जेवायला वाढलं नव्हतं, त्याच गावचा.

हे सगळं मी आमच्या वाडीतल्या त्या पोराला सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं. मग विचारलं, "दादा, आपलोच संघ काढलो तर कप्तान कोण?"