साउंड कार्ड आणि ड्रायव्हरची मानके

संगणकावर गाणे ऐकताना आवाज साउंड कार्डापर्यंत कोणत्या वाटेने पोचतो, याचा विचार सहसा कोणी करीत नाही. घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रण करणाऱ्याला मात्र तो करावाच लागतो. माइकमध्ये गायलेला स्वर हेडफोनमध्ये उशिरा ऐकू येतो, लय सुटते आणि दोष साउंड कार्डाच्या माथी मारला जातो. अनेकदा खरे कारण असते ते निवडलेले ड्रायव्हर मानक.

ड्रायव्हर हा कार्ड आणि कार्यप्रणाली यांच्यातील दुभाषी होय. ‘डॉस’च्या काळात सर्वमान्य मानक नव्हते. त्यामुळे ‘अ‍ॅडलिब’, ‘साउंड ब्लास्टर’ अशा प्रत्येक कार्डासाठी गेममध्येच स्वतंत्र सोय करावी लागे. १९९१ मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोजला ‘एमएमई’ची जोड दिली आणि सर्व प्रोग्रॅमना समान पद्धत मिळाली. १९९५ मध्ये मुख्यतः गेमसाठी ‘डायरेक्टसाउंड’ आले. विंडोज ९८ मधील ‘डब्ल्यूडीएम’ ड्रायव्हरमुळे अनेक प्रोग्रॅमचे आवाज विंडोज स्वतःच एकत्र मिसळू लागले. ही सोय मोठी. पण या मिसळणीत वेळ जातो.

हा वेळ वाचवण्यासाठी जर्मनीतील स्टाइनबर्ग कंपनीने १९९७ मध्ये ‘एएसआयओ’ हे मानक आणले. त्यात ध्वनिमुद्रणाचा प्रोग्रॅम विंडोजची मिसळणी टाळून थेट कार्डाच्या ड्रायव्हरशी बोलतो. पुढे विंडोज व्हिस्टाबरोबर मायक्रोसॉफ्टचे ‘वासापी’ आले. त्यातही कार्ड एकाच प्रोग्रॅमच्या ताब्यात देण्याची सोय आहे. मात्र तेवढा वेळ इतर प्रोग्रॅम मुके होतात. मॅकवर हेच काम ‘कोअर ऑडिओ’, तर लिनक्सवर ‘अल्सा’ करते.

विलंबाचे गणित सोपे आहे. सीडीच्या दर्जाच्या ध्वनीत सेकंदाला ४४,१०० नमुने असतात. हे नमुने ‘बफर’ नावाच्या तात्पुरत्या साठ्यात भरून पुढे पाठवले जातात. बफर १०२४ नमुन्यांचा असेल तर सुमारे २३ मिलिसेकंद जातात. २५६ चा असेल तर जेमतेम सहा. गायकाचा आवाज आत येताना आणि बाहेर जाताना असा दोनदा या साठ्यातून जात असल्याने विलंब निदान दुप्पट होतो. बफर फारच लहान ठेवला, तर प्रोसेसरला तो वेळेत भरता येत नाही आणि आवाज तुटतो.

केवळ गाणी ऐकण्यासाठी विंडोजची नेहमीची व्यवस्था पुरेशी आहे. ध्वनिमुद्रणासाठी कार्ड घेताना मात्र त्यासोबत उत्पादकाचा स्वतःचा ‘एएसआयओ’ ड्रायव्हर आहे का, हे पाहावे. तो नसल्यास ‘एएसआयओ फॉर ऑल’ हा मोफत ड्रायव्हर वापरता येतो. गाताना बफर लहान ठेवावा आणि नंतर संस्कार करताना वाढवावा. नवे कार्ड विकत घेण्याआधी एवढे करून पाहणे केव्हाही स्वस्त पडते.