घरातलं रेकॉर्डिंग आणि चार माणसांचे कान

विहाराच्या वर्धापनदिनाच्या अंकात विहाराच्या उभारणीच्या आठवणी येतात, जुन्या कार्यकर्त्यांचा गौरव येतो. तो यायलाच हवा. आम्हांला मात्र या ठिकाणी थोड्या वेगळ्या विषयावर चार शब्द लिहावेसे वाटतात. आपल्या वस्तीतली पोरं-पोरी आज घरच्या घरी गाणी तयार करीत आहेत. कामावरून आल्यावर किंवा कॉलेज सुटल्यावर, दार लावून आणि पंखा बंद करून, एका कॉम्प्युटरवर नाहीतर नुसत्या मोबाईलवर ही मंडळी ढोलकी, कोरस, गायकाचा आवाज एकत्र बसवतात. यालाच मिक्सिंग म्हणतात. यातून कुणाला पैसा मिळत नाही. आवड म्हणून चाललेलं काम आहे.

अशाच एका पोराने १४ एप्रिलसाठी गाणं केलं. मोठ्या स्पीकरवर ते लागलं तेव्हा मित्र म्हणाले, ‘मस्त!’ दोघे-तिघे मागे उभे राहून हसले. शेजारच्या आजी तेवढ्या म्हणाल्या, ‘बाळा, बाजा लई झ्याक वाजला, पण तू काय म्हटलास ते काय कळलं नाय.’ पोराने घरी जाऊन कॉम्प्युटर बंद केला तो तीन महिने उघडला नाही. आम्हांला तेव्हापासून एक प्रश्न पडला. ‘मस्त’ म्हणणाऱ्यांचा त्याला उपयोग झाला नाही, हसणाऱ्यांनी तर नुकसानच केलं. मग घरात बसून शिकणारा माणूस सुधारतो तरी कसा? या प्रश्नाला इतिहास आहे, आणि तो आपल्यासारख्याच साध्या घरांतून घडलेला आहे.

एकेकाळी रेकॉर्डिंग हे कंपन्यांचंच काम होतं. अमेरिकेतल्या लेस पॉल या गिटारवादकाने ते आपल्या हॉलिवूडच्या घराच्या गॅरेजमध्ये आणलं. एक तबकडी वाजवायची, तिच्याबरोबर नवी साथ द्यायची आणि दोन्ही मिळून दुसऱ्या तबकडीवर कोरायचं. चूक झाली की ती तबकडी वाया. असे गिटारचे आठ आवाज एकावर एक चढवून त्याने केलेली ‘लव्हर’ ही रेकॉर्ड कॅपिटॉल कंपनीने १९४८ साली बाजारात आणली. घरातही कंपनीच्या तोडीचं काम होऊ शकतं, हे त्यातून दिसलं.

पुढचं घर आहे डेट्रॉईट शहरातलं. बेरी गॉर्डी हा कृष्णवर्णीय तरुण तिथल्या मोटार कारखान्यात कामगार होता. १९५९ साली घरच्यांच्या सामायिक शिल्लकीतून ८०० डॉलर उसने घेऊन त्याने रेकॉर्ड कंपनी काढली. तीच पुढे जगभर गाजलेली मोटाऊन. वेस्ट ग्रँड बुलेव्हार्डवरचं साधं राहतं घर त्याने घेतलं. मागच्या बाजूला गाणी रेकॉर्ड होत, आणि आवाज घुमवायला माळ्याचा उपयोग होई.

कारखान्यात प्रत्येक गाडी तपासूनच बाहेर पडते, हे गॉर्डीने पाहिलं होतं. गाण्यांसाठीही त्याने तसंच केलं. शुक्रवारी सकाळी बैठक भरे, वेळ झाली की दार बंद. आठवड्याची गाणी वाजवायची आणि मत द्यायचं. गॉर्डीचा ठरलेला सवाल असे : खिशात शेवटचा डॉलर आहे, पोटात भूक आहे, तर तो डॉलर या रेकॉर्डला देशील की सँडविचला? या प्रश्नापुढे तोंडदेखलं ‘छान’ म्हणता येत नसे. गाणी मोठ्या स्पीकरवर तर ऐकलीच जात, शिवाय गाडीतल्या रेडिओसारख्या लहान स्पीकरवरही ऐकली जात; कारण घेणारा ती तिथंच ऐकणार होता.

पण चार माणसांचे कानही चुकतात. मार्विन गे याने १९६७ साली गायलेलं ‘आय हर्ड इट थ्रू द ग्रेपव्हाइन’ या बैठकीत मागे पडलं. तेच गाणं त्याच वर्षी ग्लॅडिस नाईट हिच्या आवाजात निघालं. मार्विनचं गाणं १९६८ च्या एका अल्बममध्ये आलं, रेडिओवाल्यांनी ते उचलून धरलं, मग त्याची स्वतंत्र रेकॉर्ड निघाली आणि ती अमेरिकेत सात आठवडे पहिल्या क्रमांकावर राहिली. म्हणजे ऐकणाऱ्याचं मत घ्यावं, पण एका बैठकीत नाकारलं म्हणून गाणं फेकून देऊ नये.

तिसरं घर जमैका बेटावरच्या किंग्स्टन शहरात, वॉटरहाऊस या गरीब वस्तीतलं. ऑस्बोर्न रडॉक हा रेडिओ दुरुस्त करणारा, ट्रान्सफॉर्मर गुंडाळणारा कारागीर. लोक त्याला किंग टबी म्हणत. आपल्याकडे मंडपाला साऊंडवाला असतो तसे तिथे नाचाच्या कार्यक्रमांचे साऊंडवाले असत आणि टबीचा स्वतःचा संच होता. १९७० नंतरच्या वर्षांत दुसऱ्या स्टुडिओने काढून टाकलेला चार ट्रॅकचा मिक्सर त्याने घेतला, तो स्वतः सुधारला आणि घरातच स्टुडिओ थाटला. जागा इतकी लहान की वाद्यवृंद मावत नसे. गायकाला न्हाणीघरात उभं करीत. बाहेर रेकॉर्ड झालेलं गाणं इथे यायचं. टबी मध्येच गायकाचा आवाज काढून घेई, नुसता बेस आणि ड्रम ठेवी, एखाद्या शब्दाला इको देऊन सोडून देई. या प्रकाराला ‘डब’ म्हणतात.

टबीची परीक्षा मैदानात होत असे. ताजा मिक्स तबकडीवर कोरून नाचाच्या ठिकाणी वाजवला की बेस अंगाला लागतो की नाही, माणसं थांबतात की नाचतात, हे तिथेच कळे. त्याच्या हाताखाली प्रिन्स जॅमी आणि सायंटिस्ट या नावाने ओळखला जाणारा होपटन ब्राऊन तयार झाले. दुरुस्तीच्या कामातून आलेला सायंटिस्ट विशीच्या आत मिक्सरवर बसला. १९८५ साली जॅमीने कॅसिओच्या घरगुती कीबोर्डमधल्या तयार तालावर ‘अंडर मी स्लेंग टेंग’ हे गाणं केलं आणि जमैकाच्या संगीताचं वळणच बदललं. टबीचा मात्र ६ फेब्रुवारी १९८९ रोजी त्याच्या घराबाहेर गोळी घालून खून झाला.

मधल्या काळात यंत्रं स्वस्त होत गेली. १९७९ साली साध्या कॅसेटवर चार ट्रॅक भरणारा तास्कॅमचा पोर्टास्टुडिओ आला. ब्रूस स्प्रिंगस्टीन या मोठ्या गायकाने जानेवारी १९८२ मध्ये अशाच यंत्रावर घरातल्या खोलीत कच्ची गाणी भरली. नंतर वाद्यवृंदासह ती पुन्हा रेकॉर्ड केली, पण घरच्या कॅसेटमधली जान त्यात उतरली नाही; शेवटी कॅसेटच ‘नेब्रास्का’ म्हणून बाजारात आली. आपल्याकडेही कॅसेटमुळे भीमगीतं घरोघर पोहोचली, पण ती रेकॉर्ड करायला स्टुडिओचं तासावारी भाडं मोजावं लागे. पुढे १९९७ साली बेल्जियममध्ये फ्रुटीलूप्स निघालं, २००० साली ऑडॅसिटी फुकट मिळू लागलं. आज मोबाईलवर पोर्टास्टुडिओपेक्षा कितीतरी जास्त ट्रॅक मिळतात. यंत्र घरात आलं, पण डेट्रॉईटची बैठक आणि किंग्स्टनचं मैदान काही त्याबरोबर आलं नाही. ते आपल्यालाच जमवावं लागतं.

म्हणून आम्ही पाच-सहाजण आता पंधरा दिवसांनी एकत्र बसतो. आधी करणाऱ्याला विचारतो, ‘तुला या गाण्यात पुढे काय ऐकू यायला हवंय?’ कुणाला शब्द पुढे हवेत, कुणाला हलगी. ते कळल्याशिवाय मत देत नाही. मग गाणं दोनदा ऐकतो, एकदा मोठ्या स्पीकरवर आणि एकदा मोबाईलच्या लहान स्पीकरवर, तेही हळू आवाजात. याला कारण आहे. फ्लेचर आणि मन्सन या अमेरिकेतल्या बेल लॅबोरेटरीजच्या संशोधकांनी १९३३ साली दाखवून दिलं की आवाज हळू असला तर कानाला खालचे आणि अगदी वरचे सूर कमी ऐकू येतात. आवाज वाढवला की बेस आपोआप भरलेला वाटतो. आमचा पोरगा रात्रभर मोठ्या आवाजात मिक्स करीत होता. त्याला बेस गोड लागला. शब्द त्याला पाठच होते, त्यामुळे ते दबलेले त्याला कळलेच नाहीत. दोन मिक्स ताडून पाहतानाही दोघांचा आवाज आधी सारखा करावा लागतो, नाहीतर मोठा वाजणाराच चांगला वाटतो.

मत देताना ‘मजा नाही आली’ असं म्हणायला आम्ही बंदी घातली आहे. ‘दुसऱ्या कडव्यात कोरस आला की गायक मागे जातो’ असं जागा दाखवून सांगायचं. जे बरं झालंय तेही जागेसकट सांगायचं, म्हणजे सुधारताना तेच बिघडत नाही. एका वेळी एक-दोनच दोष पुरे. आणि ऐकू येत नाही म्हणून आवाज वाढवण्याआधी त्याला झाकतंय कोण ते शोधायचं. ढोलकीची धुमी आणि पुरुषी आवाजाचा खालचा भाग एकाच जागेत गर्दी करतात. ढोलकीतलं तेवढं थोडं कमी केलं की शब्द आपोआप वर येतात. करणाऱ्याने वाद न घालता लिहून घ्यायचं. काय बदलायचं ते त्याने घरी जाऊन ठरवायचं, गाणं त्याचं आहे.

ज्यांच्या घरात असा मुलगा किंवा मुलगी आहे त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे : नुसतं ‘छान’ म्हणू नका, हसू तर नकाच. पाच मिनिटं बसून ऐका आणि काय ऐकू आलं, काय नाही, तेवढं सांगा. त्यासाठी संगीत यावं लागत नाही.

आमच्या त्या पोराने तीन महिन्यांनी कॉम्प्युटर उघडला. ढोलकी खाली घेतली, इको कमी केला आणि मोबाईल घेऊन पहिल्यांदा आजींकडे गेला. आजींनी डोळे मिटून सगळं ऐकलं आणि म्हणाल्या, ‘आता कळलं. शेवटचं कडवं तेवढं अजून नाय कळलं.’ पोराने खिशातून कागद काढला आणि तेवढं लिहून घेतलं.