जनुक लक्ष्यवेध, सस्तन पेशीसंवर्धनातील

संवर्धित सस्तन पेशींमधील ठरावीक जनुक बाहेरून दिलेल्या डीएनएने बदलण्याचे तंत्र. हा बदल समजात पुनर्संयोजनाने, म्हणजे सारख्या क्रमाच्या डीएनए पट्ट्यांच्या अदलाबदलीने, होतो. पण या पेशींचा कल आलेला डीएनए गुणसूत्रांत कुठेही चिकटवून टाकण्याकडे असतो. ऑलिव्हर स्मिथीज यांनी १९८५ मध्ये मानवी बीटा-ग्लोबिन जनुकावर लक्ष्यवेध साधला, तेव्हा नेमकी बदललेली पेशी हुडकणे हेच मोठे काम होते.

मारिओ कापेक्की यांच्या गटाची १९८८ मधील दुहेरी निवड हा त्यावरचा चतुर उपाय. समजात पट्ट्याच्या आत जी४१८ या औषधापासून पेशीला वाचवणारे निओ जनुक आणि टोकाला हर्पिस विषाणूचे थायमिडीन कायनेज जनुक ठेवतात. डीएनए भलतीकडे शिरला तर बहुधा टोकही बरोबर जाते आणि त्यावरील जनुकामुळे गॅन्सिक्लोव्हिर हे औषध ती पेशी मारते. नेमका बसला तर टोक गळते, पेशी तगते. याने नेमक्या बदलाचे प्रमाण वाढत नाही, चाळणी तेवढी बारीक होते.

प्रमाण खरोखर वाढले ते लक्ष्यस्थानी डीएनएचे दोन्ही धागे तोडल्यावर. मारिया जेसिन यांच्या प्रयोगशाळेने १९९४ मध्ये यीस्टमधील विकर वापरून हे दाखवले. २०१३ पासून क्रिस्पर-कॅस९ मुळे हवे तिथे तोडणे सोपे झाले. बाहेरून द्यायचा डीएनए, म्हणजे साचा, लक्ष्य पेशींच्याच वंशाच्या डीएनएपासून घेण्याचाही लाभ होतो.

पेशींची निवडही महत्त्वाची. पुण्याच्या राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्राच्या संग्रहातून प्रयोगशाळांना भराभर विभागणारे पेशीवंश मिळतात. विभाजन थांबलेल्या पेशींत मात्र समजात पुनर्संयोजन जवळपास बंदच असते.