वॉर्डमधील सिस्टर कोणत्या तत्त्वांनुसार काम करतात?

रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णाला डॉक्टर दिवसातून एक-दोनदा राउंडमध्ये पाहतात. इतर वेळी त्याच्यावर लक्ष असते ते परिचारिकांचे, म्हणजे सिस्टर किंवा ब्रदरचे. त्यांचे काही नियम नातेवाइकांना विनाकारण कडक वाटतात. प्रत्यक्षात ते रुग्णाच्या सुरक्षिततेसाठी असतात. परिचारिकांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने 1953 मध्ये या व्यवसायाची आचारसंहिता स्वीकारली. भारतात भारतीय परिचर्या परिषदेची आचारसंहिता आहे.

पुन्हा पुन्हा नाव का विचारतात?

औषध देताना पाच गोष्टी तपासायच्या असतात: योग्य रुग्ण, योग्य औषध, योग्य मात्रा, योग्य मार्ग (गोळी, इंजेक्शन, सलाईन इत्यादी) आणि योग्य वेळ. एकाच वॉर्डात दोन जाधव असू शकतात. "तुम्ही जाधव ना?" असे विचारले तर गुंगीतला रुग्ण नुसतीच मान हलवतो. म्हणून "तुमचं पूर्ण नाव सांगा" असे विचारून ते मनगटावरच्या पट्टीशी आणि केस पेपरशी जुळवतात. रक्त चढवण्यापूर्वी रक्तगट व पिशवीचा क्रमांक दोघांनी तपासायचा असतो.

औषध थांबवले, म्हणजे दुर्लक्ष झाले का?

नेहमीच नाही. रुग्णाचे जेवण आले नसेल किंवा साखर कमी असेल, तर जेवणाआधीचे इन्सुलिन थांबवून सिस्टर डॉक्टरांना विचारतात. रक्तदाब खूप कमी असेल, तर रक्तदाबाच्या गोळीबाबतही हेच करतात. डॉक्टरांच्या लेखी सूचनेत काही शंका आली तर ती विचारणे हे परिचारिकेचे कर्तव्य आहे. आम्हा डॉक्टरांना रात्री येणारे असे फोन रुग्णाला मोठ्या धोक्यातून वाचवू शकतात. औषध उशिरा दिल्यासारखे वाटले तर कारण जरूर विचारा. मात्र जवळची गोळी परस्पर देऊ नका. डोस दुप्पट होऊ शकतो.

आधी आलेल्याकडे आधी का बघत नाहीत?

वॉर्डात क्रम रांगेनुसार नसतो, गरजेनुसार असतो. सलाईन संपल्याचे सांगायला तुम्ही आधी गेलात, पण शेजारच्या खाटेवरील रुग्णाला दम लागला असेल, तर सिस्टर तिकडे आधी जातील. जात, धर्म, पैसा, आजार किंवा ओळख यांवरून मात्र सेवेत फरक करता येत नाही. एचआयव्ही किंवा क्षयरोग असलेल्या रुग्णालाही तीच काळजी मिळायला हवी.

संमती, खासगीपणा आणि सन्मान

- इंजेक्शन, लघवीची नळी किंवा एनिमा देण्यापूर्वी काय करणार हे रुग्णाला समजेल अशा भाषेत सांगायला हवे. शुद्धीवर असलेला प्रौढ रुग्ण नकारही देऊ शकतो.
- अंग पुसताना, बेडपॅन देताना किंवा ड्रेसिंग करताना पडदा ओढला जातो. तेव्हा नातेवाइकांनी बाहेर थांबावे.
- पुरुष डॉक्टर तपासत असताना महिला रुग्णाला सोबत दुसरी महिला असण्याचा हक्क आहे. राष्ट्रीय मानवाधिकार आयोगाने तयार केलेल्या रुग्ण हक्क सनदेत तो नमूद आहे.
- आजाराची माहिती भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला दिली जात नाही. फोनवरून माहिती नाकारली तर तो उद्धटपणा समजू नका.

न दिसणारी काळजी

स्वतः हालचाल न करता येणाऱ्या रुग्णाची कूस साधारणपणे दर दोन तासांनी बदलतात, नाहीतर पाठीवर किंवा माकडहाडावर जखमा होतात. प्रत्येक रुग्णाला हात लावण्यापूर्वी व नंतर हात स्वच्छ करायचे असतात. ड्युटी बदलताना प्रत्येक रुग्णाची स्थिती पुढच्या सिस्टरला सांगतात. शक्यतो त्या वेळी मध्येच बोलू नये.

नातेवाइकांनी काय करावे?

- औषधांची ॲलर्जी आणि घरी चालू असलेली औषधे दाखल होतानाच सांगा.
- "उपाशी ठेवा" असे सांगितले असेल तर विचारल्याशिवाय चहा-पाणीसुद्धा देऊ नका.
- सलाईनचा वेग स्वतः वाढवू नका.
- खाटेचे कठडे खाली करून रुग्णाला एकटे सोडू नका.
- "सिस्टर, हात धुतलेत का?" असे विचारायला संकोच करू नका.

लगेच सिस्टरला बोलवा

दम लागणे, छातीत दुखणे, अचानक गुंगी किंवा बडबड, रक्तस्राव, सुईच्या जागी सूज, तसेच इंजेक्शननंतर किंवा रक्त चढवताना थंडी वाजणे, अंगावर पित्त उठणे, यांपैकी काहीही दिसल्यास राउंडची वाट पाहू नका.

सेवेबद्दल तक्रार असेल तर प्रथम वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरशी बोला, नंतर मेट्रन किंवा रुग्णालय प्रशासनाकडे लेखी द्या. काय घडले आणि किती वाजता, हे त्यात नेमके लिहा. सिस्टरवर आरडाओरडा किंवा धक्काबुक्की केल्यास त्या वेळी वॉर्डातील इतर सगळ्या रुग्णांवरचे लक्ष सुटते, आणि त्यात तुमचाही रुग्ण असतो.