गाजरगवताची सत्तर वर्षे

पावसाळा सरत आला, की पिंपरी-चिंचवडच्या कोणत्याही रस्त्याने चालत जावे. कारखान्यांच्या कुंपणांलगत, लोहमार्गाच्या दोन्ही अंगांनी, मोकळ्या भूखंडांवर आणि पवनेच्या काठाने कमरेइतके वाढलेले, बारीक पांढऱ्या फुलांनी डवरलेले एकच रोप सर्वत्र दृष्टीस पडते. कोणी त्याला गाजरगवत म्हणतात, कोणी काँग्रेस गवत. आठवड्याभराने त्याच रस्त्याने पुन्हा गेले, तर कोठे कोठे एखादा पट्टाच्या पट्टा करपलेला आढळतो. पाठीवर पंप घेतलेला एखादा मजूर तणनाशक फवारून गेलेला असतो. त्याच्या तोंडावर बहुधा रुमाल बांधलेला असतो; हातमोजे आम्हांला क्वचितच दिसले. जागा स्वच्छ झाली असे वाटते. पण पुढची सर येते आणि त्याच उघड्या मातीतून गाजरगवताचीच कोवळी रोपे वर येतात.

हे तण आपल्याकडे कधी आले, त्याला येथे पाय रोवण्यास जागा कोणी दिली आणि त्यावर आपण कोणकोणते उपाय योजले, याचा इतिहास थोडक्यात मांडावा, असा आमचा विचार आहे. शेतावर काय फवारावे हे शेतकरी ठरवतो आणि त्याचे बरेवाईट तो जाणतो. सार्वजनिक जागेची गोष्ट निराळी. तेथे मुले खेळतात, गुरे चरतात, म्हातारी माणसे फिरावयास येतात. आणि फवारणीपूर्वी त्यांच्यापैकी कोणालाही विचारलेले नसते.

इ. स. १९५५ मध्ये पुण्यातील कचऱ्याच्या ढिगांवर काही अनोळखी रोपे वनस्पतिशास्त्रज्ञांच्या नजरेस पडली. आर. एस. राव यांनी १९५६ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात भारतातील नवी नोंद म्हणून त्यांची माहिती प्रसिद्ध केली. ही वनस्पती म्हणजे पार्थेनियम हिस्टेरोफोरस. तिचे मूळ स्थान मेक्सिकोच्या आखाताभोवतालचा उष्ण प्रदेश. नावात गवत असले, तरी ती गवत नव्हे. सूर्यफूल आणि झेंडू यांच्या कुळातली ती आहे. पाने गाजराच्या पाल्यासारखी म्हणून गाजरगवत. पांढऱ्या फुलांमुळे पुढाऱ्यांच्या टोप्यांची आठवण झाली आणि काँग्रेस हे नाव पडले, असे सांगितले जाते.

‘पीएल-४८०’च्या अमेरिकन गव्हाबरोबर हे तण आले, ही कथा आपल्यापैकी बहुतेकांनी घरी किंवा शाळेत ऐकली आहे. तिची तारखांशी पडताळणी करून पाहावी. अमेरिकेने तो कायदा जुलै १९५४ मध्ये केला आणि त्याखाली भारताशी पहिला करार झाला ऑगस्ट १९५६ मध्ये. पुण्याच्या उकिरड्यावर रोप दिसले ते त्यापूर्वी. १९५१ साली कर्जाऊ मिळालेला अमेरिकन गहूही आपल्या देशात आला होता, त्यामुळे धान्याच्या पोत्यांतून बी आले असण्याची शक्यता नाकारता येत नाही. परंतु सारा दोष त्या एका करारावर टाकणे इतिहासाला धरून होणार नाही. शिवाय बी येऊन पडले, एवढ्याने तण माजत नाही. त्याला मोकळी जागा मिळावी लागते.

ती जागा आमच्या परिसराने भरपूर दिली. जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांच्या साहाय्याने पिंपरीत १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायॉटिक्सची स्थापना झाली आणि १९५५ साली तेथे पेनिसिलीन तयार होऊ लागले. म्हणजे ज्या वर्षी पुण्यात गाजरगवत ओळखले गेले, त्याच वर्षी पिंपरीच्या माळावर हे जीवनदायी औषध बनू लागले. १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ निघाले. १९७० साली पिंपरी-चिंचवड नगरपालिका झाली आणि १९८२ साली तिची महानगरपालिका झाली. पुढे ही कारखानदारी चाकणपर्यंत पोचली. आपल्या वाचकांपैकी कित्येकांचे आईवडील याच काळात अहमदनगर, म्हणजे आजच्या अहिल्यानगर जिल्ह्यातून, वसईहून किंवा गोव्याहून कामधंद्यासाठी येथे आले आणि येथलेच झाले.

या भरभराटीत माळ मात्र उघडा पडला. जेथे कुसळी आणि पवन्या गवत उगवे, जेथे पहिल्या पावसाबरोबर टाकळा माजे, तेथे यंत्रांनी जमीन सपाट केली, मुरूम टाकला, भूखंड पाडले आणि ते वर्षानुवर्षे रिकामे ठेवले. हलवलेली, उघडी माती ही गाजरगवताची आवडती जागा. उगवल्यापासून महिना-दीड महिन्यात त्याला फुले येतात. एका मोठ्या रोपाला दहा ते पंचवीस हजार बिया धरतात. त्या वाऱ्याने, पाण्याने, मालमोटारींच्या चाकांना लागलेल्या चिखलाने दूरवर जातात. शिवाय या वनस्पतीच्या अंगची द्रव्ये मातीत उतरून शेजारच्या रोपांची वाढ खुंटवतात. एकदा वसले, की ते इतरांना सहजी वसू देत नाही.

त्याचा उपद्रव केवळ जमिनीपुरता नाही. पुण्याचे त्वचारोगतज्ज्ञ डॉ. लोणकर यांनी दोन परदेशी सहकाऱ्यांसह १९७४ साली या तणाच्या स्पर्शाने होणाऱ्या त्वचादाहाविषयी शोधनिबंध प्रसिद्ध केला. रोपातील पार्थेनिन नावाचे द्रव्य त्यास कारणीभूत असते. हात, मान, चेहरा यांवर खाज सुटते, चट्टे उठतात आणि काहींच्या बाबतीत हा विकार वर्षानुवर्षे मागे लागतो. परागामुळे शिंका आणि दम्याचाही त्रास होतो. हे भोग अधिक करून उघड्या हातांनी तण उपटणाऱ्या मजूर स्त्रियांच्या आणि शेतकऱ्यांच्या वाट्याला येतात. तेव्हा गाजरगवत काढून टाकावे ही मागणी सर्वथा रास्त होती. चूक झाली ती मार्ग निवडताना.

विसाव्या शतकाच्या मध्यास, दुसऱ्या महायुद्धानंतर, २,४-डी हे तणनाशक बाजारात आले आणि खुरप्याचे दिवस संपले असे जगाला वाटू लागले. १९७४ साली ग्लायफोसेट आले. ते पानांतून शिरून मुळांपर्यंत जाते आणि रोपाला आवश्यक अशी काही द्रव्ये तयार होण्याची क्रियाच बंद पाडते. उभे रोप त्याने मरते, हे खरे. परंतु मातीत दडलेल्या बियांना ते काही करीत नाही. आणि शेजारचे गवत, टाकळा, रानभाजी यांनाही ते सोडत नाही. परिणामी जमीन पुन्हा उघडी पडते आणि उघड्या जमिनीवर पहिला हक्क गाजरगवतच सांगते. पडीक जागेसाठी शंभर लिटर पाण्यात पंधरा-वीस किलो मीठ घालून ते फवारावे, असाही एक उपाय सांगितला जातो. मीठ स्वस्त आहे, आपल्या स्वयंपाकघरातले आहे. पण खारावलेल्या मातीत उद्या काय रुजणार, याचा विचार त्यात नाही.

२०१५ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने ग्लायफोसेट हे माणसात बहुधा कर्करोगकारक असल्याचे जाहीर केले. अमेरिका आणि युरोप यांतील नियामक संस्थांचे मत तसे नाही, हेही येथे प्रामाणिकपणे नमूद केले पाहिजे. तज्ज्ञांचा हा वाद मिटलेला नाही. आपल्या देशात चहाचे मळे आणि बिनपिकाच्या जमिनी यांसाठी त्याला मान्यता होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने अधिसूचना काढून कीड-नियंत्रणाचा व्यवसाय करणाऱ्यांखेरीज इतर कोणी ते वापरू नये असे ठरवले. बिनपिकाची जमीन म्हणजे बहुतांशी आपले रस्ते, मैदाने आणि नाल्यांचे काठ, हे ध्यानी घेतले की या निर्णयाचे महत्त्व कळते.

पिंपरीकरांना तर ही गोष्ट समजणे अवघड जाऊ नये. पेनिसिलीनचे संशोधक अलेक्झांडर फ्लेमिंग यांनी १९४५ साली नोबेल पारितोषिक स्वीकारतानाच बजावले होते, की औषध अपुरे किंवा अविचाराने घेतले, तर जंतू त्याला दाद देईनासे होतील. तसेच घडले. तणांचा न्यायही वेगळा नाही. तेच ते विष वर्षानुवर्षे फवारले, की त्यातून तगलेली रोपेच बी धरतात. ग्लायफोसेटला न जुमानणारे गाजरगवत कोलंबिया देशात २००४ सालीच आढळले आहे.

मग उपाय कोणता? येथेही इतिहास आपल्या मदतीला येतो. फड्या निवडुंगाने एके काळी आपल्या देशातील कितीतरी जमीन व्यापली होती. १७९५ साली ब्राझीलहून लाल रंगासाठी एक किडा बंगालमध्ये आणला गेला. रंगासाठी तो कुचकामी ठरला, पण एका जातीचा निवडुंग त्याने फस्त केला. १९२६ साली श्रीलंकेतून त्याचाच एक भाईबंद आणून दुसऱ्या जातीचा बंदोबस्त करण्यात आला. त्याच मार्गाने १९८३ साली मेक्सिकोहून झायगोग्रामा नावाचा भुंगेरा बंगळूरला आणण्यात आला आणि १९८४ साली तो मोकळा सोडण्यात आला. मध्यंतरी तो सूर्यफुलाची पाने खातो अशी ओरड होऊन हे काम अडखळले. गाजरगवताचे पराग त्या पानांवर उडून बसल्यामुळे तो तिकडे वळत असल्याचे पुढील अभ्यासात दिसून आले. हा भुंगेरा पावसाळ्यात पाने कुरतडतो आणि हिवाळा-उन्हाळा मातीत झोपून काढतो. तो एकटा पुरा पडत नाही, हेही अनुभवाने कळले आहे. त्याच्या जोडीला जमीन झाकणारे दुसरे काही हवे. आपला ओळखीचा टाकळा दाट पेरला, तर तो गाजरगवताला वर येऊ देत नाही. आणि त्याची कोवळी पाने भाजीलाही चालतात.

सार्वजनिक जागांतून तणनाशके टप्प्याटप्प्याने कशी बंद करावीत, याचा धडा फ्रान्सने घालून दिला आहे. तेथे फेब्रुवारी २०१४ मध्ये कायदा झाला आणि उद्याने, रस्ते यांसाठी तो जानेवारी २०१७ पासून लागू झाला. मधली वर्षे नगरपालिकांना तयारीसाठी मिळाली. दफनभूमी त्यातून वगळल्या होत्या. कबरींमधल्या खडीच्या वाटांवर तणाची एक काडीही दिसू नये, अशी लोकांची सवय आणि अपेक्षा होती. जुलै २०२२ पासून दफनभूमींनाही बंदी लागू झाली. कित्येक ठिकाणी आता वाटांवर मुद्दाम हिरवळ पेरली जाते. मृतांचा मान राखण्यासाठी जमीन निर्जीवच ठेवली पाहिजे, ही समजूत तेथे हळूहळू मागे पडत आहे.

आपल्याकडेही असाच क्रम लावता येईल. प्रथम शाळांची आवारे, खेळाची मैदाने, रुग्णालये आणि दफनभूमी. त्यानंतर नदीनाल्यांचे काठ. शेवटी रस्त्यांचे दुभाजक. प्रत्येकासाठी तारीख ठरलेली असावी. फवारणीवर होणारा खर्च हातमोजे, खुरपी, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि निंदणीची योग्य मजुरी यांकडे वळवावा. काम वाढेल, हे आम्ही नाकारत नाही. पण ते काम माणसांना मिळेल आणि त्यांच्या अंगावर चट्टे उठणार नाहीत, एवढी काळजी घेणे आपल्या हाती आहे.

एक साधी गोष्ट मात्र कोणत्याही कायद्याची वाट न पाहता करता येईल. २ नोव्हेंबरच्या मृतस्मरणदिनापूर्वी आपली कुटुंबे आप्तांच्या कबरी स्वच्छ करावयास जातात. तोपर्यंत गाजरगवताच्या बिया मातीत सांडून गेलेल्या असतात. मग घाईघाईने पंप बोलावला जातो. त्याऐवजी जुलैच्या उत्तरार्धातील एखादा रविवार धर्मग्रामाने ठरवावा. माती ओली असते, रोपे वीतभर असतात, फुले आलेली नसतात आणि मूळ अलगद निघून येते. हातमोजे सर्वांना पुरतील इतके आणावेत. ज्यांना दमा आहे त्यांनी लांब राहून चहा करावा. रोपे उपटून झाली, की मोकळ्या झालेल्या जागी त्याच दिवशी टाकळ्याचे मूठभर बी टाकावे आणि पुढच्या जुलैत पुन्हा जाऊन पाहावे.