सन १९११ चा इंग्लंडचा दौरा आणि पालवणकर बाळू

खेळाच्या इतिहासांत विजयांची नोंद ठळक अक्षरांत होते आणि पराभवांचे आंकडे रकान्यांत पडून राहतात. सन १९११ च्या उन्हाळ्यांत हिंदुस्थानचा सर्वधर्मीय क्रिकेट-संघ प्रथमच इंग्लंडला गेला, त्याचा मोसम अशा रकान्यांतच जमा झालेला आहे. एकंदर २३ सामने झाले. त्यांत ६ जिंकले, १५ हरले व २ अनिर्णित राहिले. पैनगंगेच्या खोऱ्यांतील उमरखेडपासून मुंबईच्या आझाद मैदानापर्यंत गांवोगांवचीं मुलें आज जो खेळ खेळतात, त्या खेळांत सबंध देशाच्या नांवानें परदेशीं टाकलेलें हें पहिलें पाऊल इतकें अडखळतें होतें. परंतु या मोसमाला एक दुसरा हिशेब आहे, आणि तो एका गोलंदाजाच्या नांवावर मांडलेला आहे. त्या गोलंदाजाचें नांव पालवणकर बाळू.

मुंबईच्या पारशी खेळाडूंचे संघ १८८६ व १८८८ सालीं इंग्लंडला जाऊन आले होते. हिंदु, मुसलमान व पारशी यांचा एक संघ पाठवावा, असा विचार १९०३ च्या सुमारास निघाला. पण कोणत्या समाजाचे किती गडी घ्यावयाचे या वादांत तो बुडाला. पुढें वंगभंगाच्या चळवळीनें आणि क्रांतिकारकांच्या कृत्यांनीं सरकार अस्वस्थ झालें, तेव्हां राजनिष्ठ हिंदुस्थानचें एक सुखद चित्र विलायतेला दाखवावें, अशी इच्छा संस्थानिक व धनिक मंडळींना होऊं लागली. दोराबजी टाटांसारख्यांचा पाठिंबा व पतियाळाच्या महाराजांचा आश्रय मिळाला आणि बेत तडीस गेला. कर्णधारपद अर्थातच महाराजा भूपिंदरसिंग यांच्याकडे आलें. त्या वेळीं त्यांना विसावें वर्षही पुरें झालें नव्हतें. त्याच संघांत पस्तिशीला आलेले बाळू व त्यांचे धाकटे बंधु शिवराम हेही होते.

बाळू यांचा जन्म १८७६ सालचा, धारवाडचा. घराणें मूळ कोंकणांतील पालवण गांवचें, चर्मकार समाजाचें. वडील लष्करांत नोकरीला असल्यामुळें मुलांचें बालपण पुण्याच्या छावणींत गेलें. गोऱ्या अधिकाऱ्यांनीं टाकून दिलेल्या साहित्यावर तीं क्रिकेट शिकलीं. बाळू यांनीं प्रथम पारशांच्या एका क्लबांत खेळपट्टी झाडण्याचें व लाटण्याचें काम महिना ३ रुपयांवर धरलें. पुढें गोऱ्यांच्या पूना जिमखान्यांत ते महिना ४ रुपयांवर राहिले. तेथें जाळें लावणें, पट्टी आंखणें आणि साहेब लोकांना सरावासाठीं चेंडू टाकणें हीं कामें त्यांच्याकडे होतीं. इंग्रजांचा नामांकित फलंदाज ग्रेग हा इतरांच्या आधीं मैदानावर येई आणि तासन्‌तास बाळू यांच्या गोलंदाजीवर हात साफ करी. आपणांस बाद केल्याबद्दल तो दर वेळीं आठ आणे देत असे, अशी आख्यायिका आहे. आठ आण्यांची गोष्ट खरी असो वा नसो, त्या सरावांत जगांतील कोणत्याही पट्टीवर टिकेल असा एक डावखुरा, मंदगति गोलंदाज तयार झाला. मात्र इतक्या वर्षांत फळी हातीं घेऊन खेळण्याची पाळी त्यांच्यावर त्या जिमखान्यांत आली नाहीं. चेंडू टाकणें ही चाकरी होती. फलंदाजी हा धन्याचा हक्क होता.

ही कीर्ति शहरांत पसरली, तेव्हां पुण्याच्या हिंदु क्लबापुढें पेंच उभा राहिला. गोऱ्यांच्या संघाला हरवावयाचें तर बाळू हवेत. आणि बाळू घ्यावयाचे तर अस्पृश्यतेचें काय? अखेरीस जिंकण्याची हौस बलवत्तर ठरली व त्यांना संघांत घेण्यांत आलें. पण ही सवलत सीमारेषेच्या आंतपुरतीच होती. मैदानांत बाळू यांच्या हातचा चेंडू ब्राह्मण क्षेत्ररक्षक निःशंकपणें झेलीत. चहाची वेळ झाली कीं बाळू यांना मंडपाबाहेर, मातीच्या टाकाऊ कपांतून चहा मिळे. विटाळ चेंडूला लागत नसे, कपाला लागत असे! या विसंगतीवर न्यायमूर्ति रानडे यांनीं बोट ठेवलें होतें. ज्यांच्याबरोबर खेळतां, त्यांच्याबरोबर खाण्यापिण्याला अडचण कसली, असा त्यांच्या बोलण्याचा आशय होता.

पुण्यांत प्लेगची साथ आली तेव्हां बाळू मुंबईस गेले आणि तेथें हिंदु जिमखान्याकडून खेळूं लागले. फेब्रुवारी १९०६ मध्यें हिंदूंनीं युरोपियनांना १०९ धांवांनीं हरविलें. त्या विजयांत बाळू यांच्या गोलंदाजीचा वांटा मोठा होता. पांच वर्षांनीं विलायतेस जाणारा संघ निवडण्याची वेळ आली, त्या वेळीं त्यांचें नांव वगळणें कोणालाच शक्य नव्हतें.

इंग्लंडांत तो उन्हाळा विलक्षण कडक व कोरडा होता. पंचम जॉर्ज बादशहांचा राज्याभिषेक २२ जूनला व्हावयाचा होता आणि लंडन उत्सवानें गजबजलें होतें. महाराजांचें लक्ष स्वाभाविकच मेजवान्या व दरबारी भेटीगांठी यांकडे वळलें. ते थोडेच सामने खेळले. आणि संघांतील एक अव्वल फलंदाज कर्नल मिस्त्री हे त्यांच्या पदरीं असल्यानें तेही संघाला क्वचितच लाभले. कर्णधाराची जबाबदारी वारंवार डॉ. होरमसजी कांगा यांच्यावर पडली. मुंबईंत पावसाळ्यांत चालणारी कांगा लीग पुढें यांच्याच नांवानें सुरू झाली. इकडे तीन तीन दिवसांचे सामने एकामागून एक चालले होते, मधल्या वेळांत आगगाडीचा प्रवास होता आणि दौऱ्याच्या पूर्वार्धांत पराभवामागून पराभव पदरीं पडत होते.

या पडझडींत एक बाजू अढळ राहिली. ऑक्सफर्डविरुद्ध बाळू यांनीं एका डावांत ५ गडी बाद केले. केंब्रिजविरुद्ध १०३ धांवांत ८. जुलैच्या मध्यास लीस्टरशायरशीं गांठ पडली. डॉ. कांगांनीं १६३ धांवा काढल्या, बाळू यांनीं दोन डावांत मिळून ११ गडी टिपले आणि दौऱ्यांतील पहिला विजय ७ गडी राखून हातीं आला. पाठोपाठ सॉमरसेटविरुद्ध शिवराम यांनीं नाबाद ११३ धांवा काढून अवघा एक गडी राखून सामना जिंकून दिला. प्रथम दर्जाच्या १४ सामन्यांत संघाला मिळालेले विजय एवढे दोनच. आणि दोहोंतही पालवणकर बंधूंचा हात होता. उरलेले चार विजय दुय्यम दर्जाच्या संघांवरचे होत.

मोसम संपला तेव्हां बाळू यांच्या नांवावर एकंदर ११४ गडी होते. प्रत्येक गड्यामागें सरासरी १८.८४ धांवा. बहुतेक कौंटी संघांना हा गोलंदाज आनंदानें आपलासा करावासा वाटेल, असा अभिप्राय तिकडील जाणत्यांनीं दिला. परदेशांत त्यांच्या जातीची चौकशी कोणी केली नाहीं; पाहणाऱ्यांना चेंडूचें वळण तेवढें दिसलें.

संघ मायदेशीं परतला, तेव्हां मुंबईंत अस्पृश्य मानल्या गेलेल्या समाजांनीं बाळू यांचा जाहीर सत्कार केला. मानपत्र तयार करणारा तरुण एल्फिन्स्टन कॉलेजांत शिकत होता. त्याचें नांव भीमराव आंबेडकर, असें इतिहासकारांनीं नमूद केलें आहे. आपल्या माणसानें कोणाच्या मेहेरबानीवांचून, केवळ मनगटाच्या बळावर मिळविलेला मान त्या समाजाच्या दृष्टीनें साऱ्या पराभवांहून मोठा होता.

तरी मंडपाचें दार एकदम उघडलें नाहीं. हिंदु संघांत सर्वांत ज्येष्ठ व अनुभवी असूनही बाळू यांना कर्णधारपद देण्यांत आलें नाहीं. तें एम. डी. पै यांच्याकडे आलें, तेव्हां हा मान वास्तविक बाळू यांचा होता असें पै यांनीं स्वतःच मोकळेपणें बोलून दाखविलें. १९२० सालीं बाळू यांना प्रथम संघांतूनच वगळण्यांत आलें. शिवराम व विठ्ठल या दोघां बंधूंनीं निषेध म्हणून खेळण्यास नकार दिला. त्यानंतर तडजोड होऊन बाळू उपकर्णधार झाले. त्यापुढची पायरी त्यांना चढूं दिली गेली नाहीं. ती त्यांच्या घराण्यानें चढली. १९२३ सालीं विठ्ठल हिंदु संघाचे कर्णधार झाले आणि त्यांच्या संघानें स्पर्धा जिंकली.

पुढें १९३२ च्या पुणें करारावर सही करणाऱ्यांत बाळू होते. आणि १९३७ च्या निवडणुकींत काँग्रेसचे उमेदवार म्हणून ते डॉ. आंबेडकरांसमोर उभे राहिले व हरले. एकेकाळचा मानपत्रकार आणि मानकरी यांचे मार्ग वेगळे झाले होते. १९५५ च्या जुलै महिन्यांत बाळू निधन पावले.

१९११ च्या मोसमांत हिंदुस्थान १५ सामने हरला. त्या पराभवांचें कारण तज्ज्ञ फलंदाजींत शोधोत, कीं कर्णधाराच्या मेजवान्यांत शोधोत. ज्या माणसाला आपल्या शहरांत मंडपाबाहेर बसून चहा प्यावा लागला, त्याच्याच खांद्यावर तो मोसम देशानें टाकला होता, आणि तो खांदा शेवटपर्यंत हटला नाहीं. मातीचे ते कप केव्हांच फुटून मातीला मिळाले. ११४ गड्यांची नोंद अजून कायम आहे.